दोन गोळ्यांमधली दहा मिनिटं

लोर्ना हास आत आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि हातमोजेही न काढता म्हणाली, "माझ्या भावाचं रिव्हॉल्व्हर कुठे आहे, एवढंच मला शोधून द्या."

विनिफ्रेड स्ट्रँडने समोरची फाइल मिटली. "भावाला कोणी मारलं, ते नको?"

"ते माहीत आहे. गस नीबरने. तो स्वतःच सांगतोय."

खिडकीशी हीटरला पाठ लावून बसलेला लॉइड केटल्सन जरा सावरून बसला. ऑर्लेट गावात आठ दिवस दुसरा विषय नव्हता. एमिल टॉर्गर्सन आणि गस नीबर, चाळीस वर्षांचे मित्र. दर गुरुवारी पत्ते खेळणारे. आणि गेल्या गुरुवारी, दिवेलागणीच्या सुमाराला, गसच्या स्वयंपाकघरात एमिल छातीत गोळी लागून मेला. गसचं म्हणणं, दार उघडलं, अंधार होता, मला चोर वाटला. सरकारी वकिलाने दोन दिवसांत प्रकरण मिटवलं. माणूस स्वतःच्या घरात होता, जिवाला धोका आहे असं त्याला खरोखर वाटलं, कायदा त्याच्या बाजूने. मोंटानात अशा गोष्टीवर कोणी फार वाद घालत नाही.

"एमिल तीस वर्षं कमरेला रिव्हॉल्व्हर लावल्याशिवाय पत्रपेटीपर्यंतही गेला नाही," लोर्ना म्हणाली. "आमचे वडील बंदूक साफ करताना गेले. मी नऊ वर्षांची होते, तो चौदाचा. तेव्हापासून बंदुकीच्या बाबतीत फार कडक झाला तो. दर शनिवारी शस्त्रपरवान्याचा वर्ग घ्यायचा, लोकांना शिकवायचा. असा माणूस त्या दिवशी रिकाम्या कमरेने बाहेर पडतो? अंगावर काही नाही, गाडीत नाही, घरात नाही. गसने ते लपवलंय. का लपवलंय ते मला कळायला हवं."

"घर पाहिलंत तुम्ही?"

"मी महिन्यातून एकदा शुक्रवारी येते, बिस्मार्कहून. त्या शुक्रवारी आले ती..." ती थांबली. "घरात राहवेना. शिवाय नळाला पाणीही नव्हतं. मोटेलात उतरलेय."

विनीने मान हलवली. "लॉइड, गाडी गरम कर."

विनी वीस वर्षं शेरीफच्या खात्यात होती. काचबिंदूने डावा डोळा गेल्यावर तिने नोकरी सोडली आणि खासगी तपासाची स्वतःची पाटी लावली. गाडी चालवायचं काम लॉइडकडे आलं. लॉइडने उभा जन्म शाळेची बस चालवली होती. चार वर्षांपूर्वी बायको गेली. बसची नोकरी सुटली, घर सुनं झालं. आपण विनीला मदत करतो असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं म्हणजे सकाळी उठून कुठेतरी जायला मिळायचं, तेवढंच.

*

शेरीफच्या खात्यातल्या डेप्युटी ट्रॅव्हिस ओक्सने फोटो टेबलावर पसरले.

"मॅडम, यात गूढ काही नाही. चार वाजून छत्तीस मिनिटांनी गसचा फोन आला. मी पोचलो तेव्हा तो पायरीवर बसला होता, बिनकोटाचा, उणे बारा तापमानात. स्वतःचं रिव्हॉल्व्हर माझ्या हातात दिलं. अडतीस कॅलिबरचं, सहातली एक गोळी उडालेली. मृताला एकच जखम, अगदी जवळून. गोळी आरपार जाऊन चुलीमागच्या दगडावर चपटी झाली होती."

"म्हणजे कोणत्या रिव्हॉल्व्हरमधून सुटली, ते तपासलं नाही."

"कशाला? मारणाराच सांगतोय. मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनरही तेच म्हणाला."

"कॉरोनर शवपेट्या विकतो, ट्रॅव्हिस."

"लोकांनी निवडून दिलाय त्याला," ट्रॅव्हिस ओशाळून म्हणाला.

विनीने एक फोटो उजव्या डोळ्याजवळ धरला आणि लॉइडकडे सरकवला. लॉइडने पाहिलं आणि पटकन नजर फिरवली. चादरीखालून एमिलचे पाय दिसत होते. जाड, राखाडी लोकरीचे मोजे. एका टाचेला निळ्या दोऱ्याने रफू केलेलं.

"बूट?"

"दाराजवळच्या फळीवर होते. नीट, जोडीने. कोट खुंटीला. का?"

"काही नाही," विनी म्हणाली.

*

एमिलचं घर गावाबाहेर चार मैलांवर, वाऱ्याच्या तोंडावर. आत बाहेरच्याइतकीच थंडी. भांडी घासून पालथी घातलेली, पलंगाची चादर ताणलेली. लॉइडला स्वतःचं घर आठवलं. एकाच कपाचा, एकाच बशीचा ओटा. फरक इतकाच की हे घर फार स्वच्छ होतं.

विनी तळघरात जाऊन आली. "मुख्य तोटी बंद आहे. पाइपातलं पाणी सोडून दिलंय सगळं."

"गोठून फुटू नयेत म्हणून. बाहेरगावी जाताना आपण सगळेच करतो."

"हो. बाहेरगावी जाताना."

झोपायच्या खोलीत दारामागे रिव्हॉल्व्हरचं चामड्याचं म्यान खुंटीला लटकत होतं. विनीने हात न लावता टॉर्च मारला. म्यानाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. जुनं, धूळ बसलेलं.

"तीस वर्षं रोज वापरलेलं म्यान," ती म्हणाली. "हे जाळं आठ दिवसांचं आहे का, लॉइड?"

"हिवाळ्यात कोळी कुठे जाळं विणतो? हे थंडी पडायच्या आधीचं."

"शाब्बास."

आपण नक्की काय शोधलं ते लॉइडला कळलं नाही. पण बरं वाटलं.

*

एमिलच्या आणि गसच्या घरांच्या मधोमध आयडा पेल्की राहायची. दार उघडण्याआधी आतून कुत्रा भुंकला आणि आयडाने त्याच्यावर डाफरून त्याला गप्प केलं.

"एमिलचा आहे. त्याच गुरुवारी सकाळी आणून सोडला. म्हणाला, दाताचं काम आहे, बिलिंग्जला जातो, दोन दिवस सांभाळ. आता कसले दोन दिवस! दाराशी बसून असतो बिचारा. मी हाक मारली तर माझ्याकडे असा बघतो, जणू मी कोणी परकी."

कोपऱ्यात कुत्र्याच्या खाद्याचं चाळीस पौंडांचं पोतं होतं, जेमतेम तोंड उघडलेलं.

"हेही त्यानेच आणलं?"

"हो ना. एमिलचं सगळं कसं व्यवस्थित."

"त्या संध्याकाळी बार ऐकू आला तुम्हाला?"

"एक नाही, दोन. पहिला झाला तेव्हा रेडिओवर हवामान सुरू होत होतं, म्हणजे सव्वाचार. दुसरा त्यानंतर दहाएक मिनिटांनी. मी ट्रॅव्हिसला सांगितलं तर म्हणतो, आयडा, कोणीतरी कोल्ह्यावर झाडली असेल. त्याला वाटतं म्हातारीला ऐकू येत नाही. अरे, इथे दिवसभर ऐकायला दुसरं आहे काय!"

निघताना आयडाने दोघांना दारातच आणखी दहा मिनिटं बोलण्यात धरून ठेवलं. लॉइडला घाई नव्हती.

*

बर्ट सँडोच्या हार्डवेअरच्या दुकानात काडतुसांपासून चुलीच्या नळ्यांपर्यंत सगळं मिळायचं. एमिलचं नाव काढताच बर्टची मान ताठ झाली.

"भांडलो होतो, खोटं कशाला बोलू? तीन वर्षांपूर्वी कायदा बदलला, लपवून शस्त्र बाळगायला परवाना लागेनासा झाला. मी म्हटलं, बरं झालं. जीव माझा, तो वाचवायचा हक्क माझा, त्याला सरकारचा शिक्का कशाला? एमिल म्हणायचा, हक्क आहेच रे बर्ट, पण आधी शीक. दर आठवड्याला तेच. शेवटी मी म्हटलं, तुला लोकांच्या जिवाची नाही, तुझ्या वर्गाची पडलीय."

"आणि वर्ग?"

"परवाना लागेना, मग शनिवारचा दिवस कोण घालवणार? आधी वीस यायचे. मग पाच. दोन वर्षांपासून कोणी नाही. तरी हा गडी शनिवारी सभागृह उघडायचा, हीटर लावायचा, खुर्च्या मांडायचा, चारला बंद करून घरी. मागच्या हिवाळ्यात तेही सोडलं." बर्टने गल्ल्यावरची पेन्सिल उगाच सरळ केली. "ऑक्टोबरात आला होता. दुकानाच्या तिजोरीत एक वस्तू वसंत ऋतूपर्यंत ठेवशील का, म्हणाला. माझा राग होताच. म्हटलं, हे दुकान आहे, बँक नाही. गेला बिचारा गुपचूप."

"कसली वस्तू?"

"विचारलं नाही मी," बर्ट म्हणाला.

*

गस नीबर दारातच उभा राहिला. मोठ्या हाडाचा माणूस, पण आठ दिवसांत सदरा अंगावर लोंबायला लागला होता. स्वयंपाकघरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या. एक भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"दार उघडलं. अंधार होता. मी चोर समजलो," तो पाठ केल्यासारखं म्हणाला.

"तू कुठे होतास?"

"इथेच. चुलीजवळ."

"हाक मारलीस?"

"नाही."

"गस, एमिलच्या वर्गात वीस वर्षं तू मागे उभा राहायचास. पहिला धडा तूच शिकवायचास. आधी हाक मारा, समोर कोण आहे ते ओळखा, मग हात हलवा. मीही शिकलेय तुझ्याकडे."

"माझ्या हातून गेला तो, विनी. बाकी काय लिहायचं ते लिही."

"एमिलचं रिव्हॉल्व्हर कुठे आहे?"

"मला नाही माहीत." हे मात्र तो फार पटकन म्हणाला.

गाडीत बसल्याबरोबर लॉइड फुटला. "खून आहे, विनी! चोर म्हणे! आपल्याकडे बर्फातून आलेला पाहुणा बूट काढून आत येतो. चोर काढतो का? एमिल आला, बूट काढले, कोट टांगला, आत बसला. गसला पुरतं माहीत होतं समोर कोण आहे ते. वर्ग चालवणाराच तो. काय बोललं की सुटका होते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?"

"बूट तू बरोबर पाहिलेस. मग दुसरी गोळी?"

"ती... कोल्ह्यावर."

"आणि म्यानातलं जाळं?"

लॉइडने गिअर टाकला. पुढचे आठ मैल रस्त्यावर एकही गाडी आडवी आली नाही.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी विनीने सगळ्यांना गसच्या स्वयंपाकघरात बोलावलं. सगळे म्हणजे लोर्ना आणि ट्रॅव्हिस. गस ओट्याला टेकून उभा होता. लोर्ना त्याच्याकडे बघायचं टाळत होती. भिंतीकडची खुर्ची विनीनेच वळवली आणि तिला बसायला दिली.

"लोर्ना, तुमच्या प्रश्नापासून सुरुवात करते," विनी म्हणाली. "रिव्हॉल्व्हर कुठे आहे? त्याआधी हे विचारायला हवं, की ते एमिलकडे केव्हापासून नव्हतं. म्यानावर थंडीच्या आधीचं जाळं आहे. म्हणजे तीन-चार महिने एमिल रिकाम्या कमरेनेच फिरत होता. ऑक्टोबरात तो बर्टकडे एक वस्तू ठेवायला गेला. वसंतापर्यंत. बर्ट नाही म्हणाला. मग ज्याच्याकडे जाता येईल असा एकच माणूस उरला."

गस हलला नाही.

"माणूस आपलं शस्त्र हिवाळ्यापुरतं दुसऱ्याकडे का ठेवतो? ट्रॅव्हिस, तुला माहीत आहे."

ट्रॅव्हिसने टोपी हातात घेतली. "स्वतःचाच भरवसा वाटेनासा झाला की, मॅडम."

लोर्नाचे हात मांडीवर स्थिर झाले.

"आता गुरुवार. एमिल आत आला, बूट काढले, कोट टांगला. तेव्हा गसने चोर समजून मारलं, हे खोटं. लॉइडचं म्हणणं, मग हा खून आहे. पण आयडाने दोन बार ऐकले, दहा मिनिटांच्या अंतराने. ट्रॅव्हिसच्या हाती आलेल्या रिव्हॉल्व्हरमधून एकच गोळी उडालेली, अंगावर एकच जखम. गसने पहिल्या गोळीने मारलं असेल, तर दुसरी कोणाची? आणि कशाला?"

"कशाला?" लॉइडने न राहवून विचारलं.

"उलटं धरून बघ. पहिली गोळी गसच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेलीच नाही. मग 'मी मारलं' असं सांगायचं तर त्याच्या रिव्हॉल्व्हरमधली एक गोळी उडालेली दिसायला हवी. म्हणून दुसरी. बाहेर कुठेतरी, बर्फात."

"गवताच्या गंजीत," गस म्हणाला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"आणि पहिली?" लोर्नाचा आवाज जेमतेम ऐकू आला.

विनी तिच्याशेजारी स्टुलावर बसली. "गुरुवारी सकाळी एमिलने कुत्रा आयडाकडे सोडला. दोन दिवसांसाठी म्हणाला आणि चाळीस पौंड खाद्य दिलं. घरातलं पाणी सोडून दिलं, भांडी पालथी घातली. पण बिलिंग्जला गेला नाही. इथे आला, आपलं रिव्हॉल्व्हर परत मागायला. तुम्ही शुक्रवारी येणार होता. तुमच्यापुढे ते दृश्य यायला नको होतं त्याला. गसने त्याला मारलं नाही, लोर्ना. त्याला कोणीच मारलं नाही."

चुलीतलं लाकूड खचलं.

मग गस बोलू लागला.

"म्हणाला, शनिवारी वर्ग आहे, रिकामं म्यान लावून कसा शिकवू. दोन वर्षं वर्ग नाही, विनी. मला माहीत होतं वर्ग नाही. तो खोटं बोलतोय, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण एमिलला तोंडावर खोटारडा म्हणायचं? त्याची वस्तू, त्याचा हक्क. जन्मभर मी हेच बोलत आलोय, की माणसाच्या हातातून त्याचं शस्त्र कोणी काढून घ्यायचं नाही. दोन मिनिटं लागली. आतून आणलं आणि दिलं. तो म्हणाला, चुलीला लाकूड संपत आलंय, घेऊन ये. मी लाकूड आणायला गेलो."

त्याने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसलं.

"ऑक्टोबरात ठेवायला दिलं तेव्हा म्हणाला होता, माझं काही बरंवाईट झालं तर लोर्नाला कळू देऊ नकोस. बाबाही असेच स्वतःच्या हाताने गेले, म्हणाला. मी तिला सांगितलं, बंदूक साफ करताना गेले. तिला दुसऱ्यांदा हे नको." तो प्रथमच लोर्नाकडे वळला. "मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या चुकीने मेला म्हटलं तर तू माझा राग करशील, एवढंच. तो तू करावासच. मीच दिलं ना त्याच्या हातात."

लोर्नाने हातमोजे काढले. एकेक बोट सुटं करत, सावकाश.

"बाबांच्या वेळी मी गोठ्याच्या फटीतून पाहिलं होतं," ती म्हणाली. "एमिल पोचायच्या आधी. तो रडत घरात आला आणि म्हणाला, बंदूक साफ करताना झालं. मला वाटलं, त्याला तसंच खरं वाटतंय. म्हटलं, वाटू दे. त्याला कळलं तर तो मोडून पडेल. एकोणपन्नास वर्षं मी हे पोटात ठेवलं, गस. त्याच्यासाठी."

गस जमिनीवरच बसला, ओट्याला पाठ लावून.

"एकदा, फक्त एकदा मी म्हणाले असते की मला माहीत आहे..." लोर्नाचं वाक्य तिथेच राहिलं.

जबाब पुन्हा लिहावा लागेल, ट्रॅव्हिस गसला म्हणाला, पण उद्या आलास तरी चालेल. गसने पिठाच्या डब्यामागून फडक्यात गुंडाळलेली वस्तू काढून त्याला दिली.

लॉइड आणि विनी निघाले तेव्हा लोर्ना तिथेच बसून होती.

"शेवटी तुम्ही काय बोललात दोघं?" ती गसला विचारत होती. "अगदी पहिल्यापासून सांग. आत आला तेव्हा काय म्हणाला?"

*

गसने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन जबाब दिला. खोटी माहिती दिल्याबद्दल न्यायाधीशाने त्याला वर्षभर देखरेखीखाली ठेवलं. मृत्यूचा दाखला दुरुस्त झाला. कुत्रा लोर्नाबरोबर बिस्मार्कला गेला.

मार्चमध्ये बर्टच्या दुकानातल्या फळ्यावर एक कागद लागला. शनिवारी दहा वाजता, सभागृहात, एमिल टॉर्गर्सनचा वर्ग. शिकवणार गस नीबर. कागद बर्टने स्वतः लावला होता.

लॉइड गेला. उगाच, घरी बसून काय करायचं म्हणून. अकरा माणसं आली होती. आयडा पुढच्याच रांगेत. गस शस्त्राशिवाय उभा राहिला. त्या गुरुवारी काय झालं ते त्याने सगळं सांगितलं, कुठेही न गाळता.

शेवटी एका तरुण बाईने विचारलं, "कायद्याने ते त्याचंच होतं ना? मागितल्यावर तुम्ही न देऊन कसं चालणार होतं?"

"त्याचंच होतं," गस म्हणाला. "कायद्याचं मला सांगता येणार नाही. कशाला हवंय, एवढं विचारायला हवं होतं. तो खोटं बोलला असता." तो थांबला. "मग पुन्हा विचारायला हवं होतं. लाकूड आणायला दोघांनी जायला हवं होतं."

मागच्या रांगेतला एक म्हातारा, ज्याला लॉइड फक्त तोंडओळखीने ओळखत होता, हळूच म्हणाला की त्याच्याही घरी एक रिव्हॉल्व्हर आहे आणि मुलं आता फार लांब असतात. मग दुसरं कोणी बोललं. मग लॉइडच्या लक्षात आलं की आता आपणच बोलतोय, आपल्या बायकोबद्दल, मार्गारेटबद्दल, चार वर्षांत पहिल्यांदाच.

वर्ग चारला संपायचा होता. पाच वाजून गेले तरी कोणी कोट घातला नव्हता.